वर कुठंय?

वेणीमाधवांच्या पद्मजेचं लग्न शुक्रवार पेठेत, घरापुढच्या मांडवात होतं, आणि वराचे मामा टेंभुर्णीहून येणार होते. हे मामा रुसण्याबद्दल तीन तालुक्यांत प्रसिद्ध होते. मागच्या एका लग्नात त्यांच्या खुर्चीवर मुलीकडचं कुणी बसलं, म्हणून मुहूर्त टळेपर्यंत ते गाडीतळावर बसून राहिले होते.

"खुर्च्यांवर नाव घालू," वेणीमाधवांचा धाकटा भाऊ मुकुंद म्हणाला. तो ड्रॉइंग मास्तर होता. शंका हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. त्याने पुठ्ठ्यात 'वर' ही अक्षरं कोरली, भोवती वेलबुट्टी कोरली, आणि तो स्टेन्सिल खुर्च्यांच्या पाठीला टेकवून काळा रंग फिरवला.

"वाळेल ना रे?"

"दादा, रंग आहे. वाळण्यापलीकडं त्याला काम काय?"

रंगाला काम निघालं. वऱ्हाड हातपाय धुवायला गेलं तोवर मामा टेकून बसले, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटावर 'वर' उलटा उमटला. स्वतःची पाठ दिसत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मग पान खायला ते जिन्याशेजारच्या चुन्याच्या भिंतीला टेकले. उलट्याचं सुलट झालं. भिंतीवर वेलबुट्टीसकट 'वर', आणि शेजारी जिना.

वऱ्हाड शिकलेलं होतं. त्यानं वाचलं आणि मामांना घेऊन ते चढलं. माडीवर पंगतीची सगळी जिलबी परातींत मांडून ठेवली होती.

वेणीमाधव मांडवात आले तर खुर्च्या मोकळ्या.

"मुकुंदा, वर कुठंय?"

"वर."

"अरे, तेच विचारतोय. वर कुठंय?"

"वर की."

वेणीमाधवांनी डोक्यावरचा जरीचा फेटा मागं सारून घाम पुसला. "रुसून गेले वाटतं."

"रुसलेली माणसं एवढे ढेकर देत नाहीत, दादा. ऐका."

वऱ्हाड उतरलं. मामा प्रसन्न होते. "लई लग्नं पाह्यली. पण वरपक्षाला वेगळी जिलबी, तीही भिंतीवर पाटी लावून, हे पहिल्यांदाच."

वेणीमाधवांना हायसं वाटलं. तेवढ्यात निरोप आला, की जिलबी संपल्याचं कळून वधूचे मामा परसात रुसून बसलेत. वधूला मांडवात आणायचं ते त्यांनीच.

"तुम्ही बाजूला व्हा," वराचे मामा म्हणाले. "यातलं मला कळतं."

वेणीमाधव दाराआड थांबले. परसातून मामांचा समजावणीचा सूर येत होता. "छे छे, जिलबीसाठी कुणी रुसतं का? जरीचा फेटा मागा की. तुमच्या मेव्हण्यांच्या डोक्यावर तयारच आहे."

लग्न मुहूर्तावर लागलं. कन्यादान वेणीमाधवांनी उघड्या डोक्यानं केलं.