रामटेके साहेबांनी पास केलेली गाडी

"गाडी पारखायले मिस्तरी कशाले लागते? सत्तावीस वर्षं मी दुसरं काय करून राहिलो?"

देवीदास रामटेके हे वाक्य बोलले ते २००२च्या जुलैत, रायपूरच्या रेल्वे कॉलनीत, आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून, चहाची बशी तोंडाशी नेता नेता. पुढे कॉलनीने हे वाक्य त्यांना इतक्या वेळा परत ऐकवलं की त्यांनी ओट्यावर चहा पिणंच बंद केलं.

रामटेके रेल्वेत मालगाड्या तपासत. यार्डात गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घ्यायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, वाकून स्प्रिंगा बघायच्या, ब्रेक बघायचे, आणि शर्टाच्या खिशातल्या पिवळ्या तेलकट खडूने डब्यावर लिहायचं : 'फिट' किंवा 'अनफिट'. खाली सही आणि तारीख. हा खडू बिलासपूरपर्यंतच्या पावसालाही दाद देत नसे. आणि रामटेक्यांनी सत्तावीस वर्षांत आपली सही एकदाही खोडली नव्हती. ही गोष्ट ते लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला सांगत, भात यायच्या आधी.

गाडीचा विषय निघाला तो त्यांची मुलगी रीना पहिल्या बाळंतपणासाठी दुर्गहून माहेरी आली म्हणून. डॉक्टरीण समता कॉलनीत, तारीख ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली. आणि रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून शहरातला एकही रस्ता असा उरला नव्हता, जो कोणीतरी, कशासाठी तरी उकरलेला नाही. ऑटोत बसलं की माणूस अर्धा वेळ सीटवर आणि अर्धा वेळ हवेत असायचा.

"माझ्या पोरीले मी ऑटोत नेणार नाही," कांताबाईंनी सांगून टाकलं. "माझ्या वेळी काय झालं ते मले आठवते."

त्यांच्या वेळी काय झालं ते सगळ्या कॉलनीला आठवत होतं. तेवीस वर्षांपूर्वी कांताबाई कळा देत सायकलरिक्षातून निघाल्या आणि कॉलनीबाहेरच्या फाटकावर अडकल्या. फाटकात मालगाडी उभी. पाऊण तास हलेना. रीना फाटकावरच जन्मायची, पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत थांबली. मालगाडी का थांबली होती, ते संध्याकाळी कळलं. एक माणूस हातोडी घेऊन तिचे डबे तपासत होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

"ड्यूटी होती," रामटेके एवढंच म्हणत.

तेव्हा यंदा गाडी घ्यायची हे ठरलंच. जुनी, लहान, मागे दार उघडणारी, सत्तर हजारांपर्यंतची. फंडातून तेवढेच निघत होते. ड्रायव्हिंग शाळेचे एकवीस दिवस रामटेक्यांनी मार्चातच पुरे केले होते आणि लायसन पाकिटात होतं. राहिला प्रश्न पेट्रोल की डिझेल. त्यावर कॉलनीत दोन पक्ष पडले. पेट्रोलवाले म्हणत, डिझेल गाडी म्हणजे पिठाची गिरणी. डिझेलवाले म्हणत, पेट्रोलच्या भावात म्हैस पोसून होते.

रामटेक्यांनी दोघांनाही हाताने थांबवलं. "इंजिन म्हंजे इंजिन. त्याचं काम ओढायचं. माणूस मरते ते चाकानं, ब्रेकनं, स्प्रिंगीनं. मी खालून पाहतो. खालून गाडी चांगली असली का वरून चांगलीच असते."

"पर पापा, इंजन भी तो देखोगे ना?" रीनाने आतून विचारलं. तिला मराठी सगळं समजे, पण तोंडातून यायची हिंदीच.

"तू आराम कर," रामटेके म्हणाले.

भनपुरीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या ओळीत, हिरालालचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. राजधानीबरोबर भोपाळहून साहेब लोक आले, त्यांनी इथे नव्या गाड्या घेतल्या आणि जुन्या हिरालालकडे आल्या. पत्र्याच्या शेडखाली बारा गाड्या उभ्या होत्या. रामटेके गुरुवारी तिथे पोचले ते हातोडी, टॉर्च आणि तीन दिवसांचे जुने पेपर घेऊन.

"चाय मंगाऊं साहब?" हिरालालने विचारलं.

"नंतर," असं म्हणून रामटेक्यांनी पेपर अंथरला आणि पहिल्या गाडीखाली शिरले.

जुन्या गाडीचं गिऱ्हाईक सीटवर बसून हॉर्न वाजवतं, आरशात भांग बघतं आणि किती ॲव्हरेज देते ते विचारतं. हिरालालने असली हजार गिऱ्हाइकं पाहिली होती. पण गाडीखाली नुसते पाय दिसतायत आणि आतून ठण् ठण् असा आवाज येतोय, हे गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. चाय आली, थंड झाली, हिरालालने स्वतःच पिऊन टाकली.

अडीच तासांनी रामटेके उठले तेव्हा पाठीवर मागच्या आठवड्याच्या बातम्या उमटल्या होत्या. बजेटात बसणाऱ्या गाड्या दोन. एक पांढरी, पेट्रोलची, अडुसष्ट हजार. दुसरी हिरवी, डिझेलची, सत्तरला एक पैसा कमी नाही. पांढरीची चाकं घंटेसारखी वाजत होती, स्प्रिंगा कोऱ्या, ब्रेक असे की डोळे मिटून पोरगी द्यावी. हिरवीच्या खाली मात्र गंज, सांध्यांतली दोन रबरं फाटलेली, एक स्प्रिंग बसलेली, ब्रेक ढिले.

"इंजन देखेंगे?" हिरालालने पांढरीचं बॉनेट उघडलं.

रामटेके त्या बॉनेटसमोर अर्धा मिनिट उभे राहिले, ओळख नसलेल्याच्या शोकसभेत माणूस उभा राहतो तसे. इंजिन धुऊन पुसून लख्ख केलेलं होतं. "स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि बॉनेट लावून टाकलं.

मग हाताला सवय ती सवय. खिशातून खडू निघाला. हिरवीच्या काचेवर पाच खराब्यांची यादी आणि 'अनफिट'. पांढरीच्या काचेवर 'फिट', दे. रा. रामटेके, तारीख.

"ये क्या किए साहब?"

"माझ्या लक्षात राहावं म्हणून. रविवारी बाईले घेऊन येतो."

"हव," हिरालाल म्हणाला, आणि काचेवरच्या सहीकडे बराच वेळ बघत राहिला.

रविवारी रामटेके कांताबाईंसह पोचले तेव्हा पांढऱ्या गाडीला झेंडूचा हार होता. काचेवरचं 'फिट' तसंच होतं. त्याच्याभोवती हिरालालने लाल रंगाची चौकट काढून घेतली होती. खाली किंमत लिहिली होती, पंच्याऐंशी हजार.

"अडुसष्ट सांगितले होते तुम्ही," रामटेके म्हणाले.

"वो तो पास होने से पहले का रेट था साहब. अब रेलवे के साहब की दस्तखत है इसपर. मालगाड़ी चली जाती है आपकी दस्तखत पर, ये तो छोटी सी गाड़ी है."

गाडीशेजारी तात्यापारा मोहल्ल्यातले शामराव उभे होते. धोतर, छत्री, कपड्याच्या दुकानातून रिटायर झालेले. चष्मा कपाळावर चढवून ते सही वाचत होते. त्यांनी वळून रामटेक्यांकडे पाहिलं.

"हे तुम्हीच काय हो? दे. रा.?"

"मीच."

"मग मले खरं सांगा. मी म्हातारा माणूस, मले गाडीतलं काही समजत नाही. घेऊ का?"

कांताबाईंनी कोपराने ढोसलं. "सांगा ना जी, खराब हाय म्हणून. हे गेले का भाव उतरते. पोरीचे दिवस भरून राहिले."

रामटेक्यांनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांत न खोडलेली सही समोर काचेवर होती. लाल चौकटीत.

"फिट म्हंजे फिट," ते म्हणाले.

शामरावांनी पैसे मोजले. तेवढ्यात शेडमध्ये बातमी पसरली की पास करणारे साहेब आलेत. दोन गिऱ्हाइकं आपापली गाडी तपासून द्या म्हणून मागे लागली. हिरालालने लगेच बाकीच्या गाड्यांचा भावही वाढवून घेतला. साहेब तपासतीलच, या भरवशावर. सत्तरच्या आत उरली एकच, हिरवी. तिच्या काचेवरची यादी वाचून तीन दिवसांत कोणी दारही उघडलं नव्हतं, म्हणून ती पंचावन्नवर आली होती.

कांताबाई जाऊन हिरवीत बसल्या. "ही कोणाची होती भैया?"

"भोपाल वाले बाबू की, दीदी. नया इंजन डलवाया, दो महीने में तबादला हो गया. रोते रोते बेच के गए."

"इंजिनाले काय करायचं," रामटेके म्हणाले, "खाली पाच खराब्या हाय."

"लिहिल्या कोणी?"

"मी."

"सुधरवता येते का त्या?"

"येते. काहून नाही येणार?"

"मग सुधरवा," कांताबाई म्हणाल्या आणि पदराआडून पैशांचं पाकीट काढलं.

पुढचे पंधरा दिवस ड्यूटीवरून आले की रामटेके गाडीखाली. कांताबाई ताट वाढून गाडीपाशी नेऊन ठेवत आणि खालून एक हात बाहेर येऊन पोळी घेऊन जाई. रबरं बदलली, स्प्रिंग बदलली, ब्रेक आवळले, गंज खरवडला. पाचही खराब्या गेल्या. काचेवरची अक्षरं मात्र गेली नाहीत. एक तर खडू तसला. आणि पुसायला रामटेके तयार नव्हते.

"जो दुरुस्त करते त्यानंच पास करायचं, असं नसते. दुसरा माणूस लागते."

"मग आणा दुसरा," कांताबाई म्हणाल्या.

"माझ्यावर सही करणारा रायपुरात कोण हाय?"

काच तशीच राहिली. तेव्हा अठरा ऑगस्टला सकाळी नऊ वाजता रीनाला कळा सुरू झाल्या आणि ती ज्या गाडीत बसली, तिच्या काचेवर तिच्या बापाच्या अक्षरात 'अनफिट' लिहिलेलं होतं. "पढ़ के ही डर लग रहा है पापा," ती म्हणाली आणि आईचा हात धरला.

गाडी मात्र पहिल्या किल्लीला सुरू झाली. फाटक उघडं होतं. कांताबाईंनी दोन्ही हात जोडून फाटकाला नमस्कार केला. पलीकडे रस्ता अर्धा उकरलेला, एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला गिट्टीचे ढीग, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. आणि त्या वाटेत, बॉनेट उघडून, पांढरा धूर सोडत एक गाडी उभी होती. मागच्या काचेतून आरपार, उलट्या अक्षरांत, लाल चौकटीतलं 'फिट' दिसत होतं.

शामराव छत्री घेऊन बाहेर उभे होते. तिसऱ्या दिवसापासून गाडी पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पीत होती. ते भनपुरीला हिरालालशी भांडून परत निघाले होते. हिरालालने काचेकडे बोट दाखवून हात झटकले होते : साहब से पूछो.

"या साहेब," शामराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

भोवती वीस माणसं जमली होती. सगळी सल्ला देत होती, हात लावत कोणी नव्हतं. रामटेके हातोडी घेऊन उतरले. चारही चाकांवर मारली. घंटा. वाकून स्प्रिंगा पाहिल्या. कोऱ्या. ब्रेक पाहिले. मग बॉनेटसमोर गेले आणि पुन्हा शोकसभेत उभे राहिले.

"खाली तर सगळं फिट हाय," ते पुटपुटले.

"पापा," मागच्या सीटवरून रीना म्हणाली, "थोड़ा मेरा भी देख लो."

कांताबाई काच खाली करून बाहेर डोकावल्या. "अहो, तुम्ही जिंदगीभर डबे तपासले. डब्याले इंजिन असते का जी?"

शामरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. रामटेके हातोडीकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षं. लाखो चाकं. इंजिन नेहमी कोणा दुसऱ्याचं. ते पुढे जोडलं जायचं, आणि तोवर रामटेके घरी जायला निघालेले असायचे.

पण डबा समोर उभा असेल तर काय करायचं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"शामराव, बॉनेट लावा, आत बसा. गियर काढा, हँडल सरळ धरा." रीनासाठी घेतलेली सतरंजी त्यांनी घडी करून हिरवीच्या बंपरला सुतळीने बांधली. मग घाटात मालगाडीला मागून इंजिन लावतात तशी हिरवी पांढरीच्या मागे टेकवली आणि हळूच दाब दिला.

भोपाळच्या बाबूंनी घातलेलं नवं इंजिन एकदा गुरगुरलं आणि दोन्ही गाड्या निघाल्या. पांढरी काय धावली म्हणता. ना खडखड, ना हिसका. गिट्टीवरून लोण्यावरून जावी तशी. असला डबा रामटेक्यांनी नोकरीत क्वचितच पाहिला होता. रस्ता दवाखान्याच्या वळणापर्यंत तसाच उकरलेला होता, त्यामुळे वाट सोडायला जागाच नव्हती. समता कॉलनीतल्या दवाखान्याच्या दारात पुढे 'फिट' आणि मागे 'अनफिट' अशी वरात येऊन थांबली, तेव्हा सगळ्यात आधी शामराव उतरले आणि वॉर्डबॉयने त्यांच्यासाठीच चाकांची खुर्ची पुढे केली.

चाळीस मिनिटांनी रीनाला मुलगी झाली.

शामराव तोवर थांबले होते. रामटेके बाहेर आले, पांढरीच्या काचेसमोर उभे राहिले, खडू काढला. सही खोडली नाही. 'फिट'च्या खाली नीट अक्षरांत लिहिलं, 'इंजिन सोडून', आणि नवी तारीख टाकली.

"उद्या मी येतो तुमच्याकडे," ते म्हणाले. "इंजिनाचा मिस्तरी घेऊन."

"मिस्तरी कशाले लागते साहेब?" शामराव म्हणाले.

रामटेके खडू खिशात टाकून आत गेले. कांताबाई नातीला दुपट्यात गुंडाळून उभ्या होत्या. रामटेक्यांनी वाकून दुपट्याचं खालचं टोक उचललं, दोन्ही पाय पाहिले, एका तळव्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली. पाय झटक्यात वर गेला.

"फिट हाय," ते म्हणाले.

"आता वरूनही पाहून घ्या एकदा," कांताबाई म्हणाल्या. "आणि तो खिशातला खडू आधी माझ्याजवळ द्या."