आंधळ्या उंदरांचा उपद्रव

सोमवारी बुरूलकान म्हातारीच्या बटाट्याच्या शेतात जमिनीखाली बिळं खोदणाऱ्या आंधळ्या उंदरांनी मातीचे तीन ढिगारे काढले. निदान बिश्केक शहरात राहणाऱ्या मुलाला, एर्मेकला, फोनवर तिने तसं सांगितलं. खरं तर ते ढिगारे तिनेच बादलीने ओतले होते. पाठ दुखते म्हटल्यावर एर्मेकने पट्टा पाठवला होता, छप्पर गळतं म्हटल्यावर सुतार. स्वतः मात्र दोन वर्षांत फिरकला नव्हता. त्यात अख्खं गाव मेंढरं घेऊन उन्हाळ्यापुरतं डोंगरावर गेलेलं. दिवस दिवस म्हातारीच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि ते तिला फार लागे.

"सापळे पाठवतो, आई."

सापळे आले. ढिगारे सहा झाले.

"मांजर पाठवतो."

मांजर आली, दूध प्याली आणि झोपली. ढिगारे पंधरा झाले आणि म्हातारीचे दंड भरून आले.

"हे मांजरीचं काम नाही रे. तूच ये."

"उद्या जीप येईल बघ," एर्मेक म्हणाला.

पहाटे उठून तिने कणकेचे फुगीर बोरसोक तळले, सायीचा वाडगा भरून ठेवला. जीप आली. तिच्यातून फावडं घेऊन उतरले एर्मेकच्या ओळखीचे ताबाल्दी, साठीचे प्राणिशास्त्रज्ञ. म्हातारीचा चेहरा पडला, पण बोरसोक तिने पुढे केले.

"मोठा शिस्तीचा प्राणी आहे, ताई," खाता खाता ताबाल्दी खुलले. "बीळ उघडं पडलं की लगेच येऊन बुजवतो. खोदतो दातांनी, पण ओठ दातांच्या मागे मिटतात. तोंडात मातीचा कण जायचा नाही."

"आणि पोरं?"

"मोठी झाली तरी बरीचशी घरीच. एका बिळात दहा-बारा जण."

"शहरात नाही जात कुणी?"

"छे!"

"गुणाची पोरं हो," म्हातारी म्हणाली.

दुपारपर्यंत साहेबांनी चौदा ढिगारे उकरले. पंधराव्यावर बादलीच्या बुडाचा गोल छाप होता.

"ताई, खाली बोगदाच नाही."

"हुशार असतात हो मेले."

"बादली उचलण्याइतके?"

म्हातारी बांधावर मटकन बसली. "त्याला सांगू नका, साहेब. एकदा त्याचं तोंड बघायचंय, एवढंच."

"पस्तीस वर्षांत मी खोटा अहवाल लिहिलेला नाही," ताबाल्दी गंभीरपणे म्हणाले. घरात बसून त्यांनी बराच वेळ कागद खरडला आणि एर्मेकला फोनवर वाचून दाखवला, "शेतात एकच मादी आढळली. वयस्कर आहे. एकटीच राहते. या जातीला एकटं राहणं सोसत नाही. घरची माणसं जवळ लागतात."

"एकच? आणि तीही म्हातारी?" एर्मेकचा सुटकेचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मग मरेल की आपोआप! मी कशाला येऊ? आईला म्हणावं, निर्धास्त राहा."

फोन बंद झाला. म्हातारी चहाच्या किटलीकडे बघत राहिली.

ताबाल्दींनी कागद टराटरा फाडला आणि कोरा पुढ्यात घेतला.

"किती लिहू, ताई?"

रुमालाच्या टोकाने डोळे पुसत ती म्हणाली, "चाळीस लिहा. म्हणजे मदतीला नातवंडांनाही आणेल."