शोकाकुल, दुसऱ्या रांगेत चौथा

श्री. चिंतामणी भोईर, वय चौतीस, राहणार बदलापूर पूर्व, यांना सगळी कामं येत होती, ही बाब सुरुवातीला कुणालाच गंभीर वाटली नाही. नोकरी नव्हती. घरातल्या एका कॉम्प्युटरवर ते लोकांची कामं करून देत. लग्नपत्रिका, स्थळांसाठी बायोडाटा, रेशनकार्डाचा अर्ज, पासपोर्ट फोटोमागची कळकट भिंत निळी करणे, आणि मुख्य म्हणजे नाक्यावर लागणारे बॅनर. त्यांचं गाव चामटोली. गावचा माणूस चिंतामणीकडे येऊन बसला की चहा संपेपर्यंत काम झालेलं असायचं.

मी त्याचा व्यवसायबंधू. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये माझंही हेच चाले, फक्त माझा चहा दोनदा व्हायचा.

चिंतामणीचे वडील आण्णा गुरांसाठी गवताचा भारा घेऊन गावच्या नाक्यावरून जाताना प्रत्येक बॅनरपुढे थांबत. एकदा ते लेकाला म्हणाले, "मी गेलो का माझा एक फोटो लाव हितं. मोठा. जन्मात कुनी लावला नाय." चिंतामणीने शब्द दिला. तेव्हा त्याला सगळं येत होतं, त्यामुळे शब्द देणं सोपं होतं.

पुढे अंबरनाथच्या एका हॉलमध्ये आमच्यासारख्या मुक्त व्यावसायिकांसाठी शिबिर भरलं. मार्गदर्शक होते सुयोग सर. सर पूर्वी विमा विकत, इंग्रजीचे क्लास घेत, पाण्याचे फिल्टर बसवत. आता ते फक्त 'एकच काम निवडा' एवढंच सांगत, त्यामुळे उदाहरण समोर उभंच होतं. "ज्याला सगळं येतं त्याला बाजार गडी समजतो," सर म्हणाले, "आणि ज्याला एकच येतं त्याला तज्ज्ञ." आम्ही दोघंही आजवर गडी होतो, हे ऐकून मान खाली गेली.

शेवटी प्रतिज्ञापत्र भरायचं होतं: 'मी ........ याव्यतिरिक्त कोणतेही काम करणार नाही.' मोकळी जागा अर्ध्या इंचाची होती. चिंतामणीने 'बॅनर' लिहिलं. अर्ज 'व्याप्ती मोठी' असा शेरा मारून परत आला. त्याने 'वाढदिवसाचे बॅनर' केलं. 'व्याप्ती अद्याप मोठी.' तिसऱ्या खेपेला त्याने 'बॅनरच्या तळाचे छोटे फोटो' असं लिहिलं, आणि सरांनी उठून हात मिळवला. मी बॅनरवरची अक्षरं घेतली. तीही नुसती वाढदिवसाची. मधला मोठा फोटो अंबरनाथच्या विकासला मिळाला. चेहरा गोरा करणे व गॉगल चढवणे हे त्याचं कार्यक्षेत्र ठरलं.

चिंतामणी लवकरच नावारूपाला आला. बॅनरच्या तळाशी शुभेच्छुकांची जी मुंडकी असतात, त्यांत कोण कुणाच्या वर, कोण नखभर मोठा, कोण कुणाशी बोलत नाही म्हणून दोन डोकी सोडून, हे त्याच्याइतकं कुणालाच कळेना. कॅम्प एकपासून बदलापूरपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. पूर्वी एका तासात होणारा बॅनर आता चार दिवसांत होई, कारण विकासच्या फोटोशिवाय मला अक्षरांचा आकार कळत नसे आणि माझ्या अक्षरांशिवाय विकास फोटो कायम करत नसे. पण काम कसं तज्ज्ञांकडून झालेलं असे. गावची माणसं कागद घेऊन येत, तेव्हा चिंतामणी नम्रपणे सांगे की हे आपल्या कक्षेत येत नाही. घराच्या वीजबिलावरचं नाव बदलायचं होतं. बायको निशालाही हेच उत्तर मिळालं.

आणि आण्णा गेले.

दहाव्याच्या आधी बॅनर लागायला हवा होता. कुठल्या घाटावर, किती वाजता, हे पाहुण्यांना त्यावरूनच कळतं. निशा म्हणाली, तुम्हाला सगळं येत होतं ना, बसा आणि करा. चिंतामणीचे डोळे भरून आले. "माझ्या बापाचं काम मी गड्यासारखं करू?" तो म्हणाला. आण्णांना सगळं उत्तमच मिळायला हवं होतं, म्हणून त्याने मला आणि विकासला फोन केला.

आण्णांचा एकच फोटो होता, शेतात बैलाच्या पाठीवर हात ठेवून काढलेला. विकासने तो पाहिला आणि हयात नसलेली व्यक्ती, शिवाय बैल, या दोन्ही बाबी आपल्या कार्यक्षेत्राबाहेर असल्याचं कळवलं. मी अक्षरांना नाही म्हटलं नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' माझ्या प्रतिज्ञेत बसत नसल्याने सरांकडे लेखी परवानगी मागितली, आणि फोटोच्या आकाराची वाट पाहत बसलो. परवानगी आली नाही, आकारही आला नाही. चिंतामणीने मात्र आपला भाग वेळेत छापखान्यात पाठवला.

आठव्या दिवशी सकाळी बॅनर लागला. पंधरा फूट लांब, हात पोचेल इतका खाली बांधलेला. मध्ये पांढरंशुभ्र मोकळं, आणि तळाशी शोकाकुलांच्या तीन रांगा, एकही डोकं जागा चुकलेलं नाही. प्रेसवाल्या शेठला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाई, जितना माल आया उतना छाप दिया."

नाक्यावर गर्दी झाली. प्रत्येकाने आपापला फोटो शोधला, शेजारचा कोण ते पाहिलं, आणि समाधानाने मोबाइलवर टिपून घेतला. सरपंच म्हणाले की असा बॅनर तालुक्यात झाला नाही. मीही गेलो होतो. दुसऱ्या रांगेत चौथा मी. फोटो बरा आला होता.

मग चिंतामणीची आई बनूबाई आली. तिला वाचता येत नाही, म्हणून ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. पहिली रांग, दुसरी, तिसरी. बोट माझ्यावरूनही गेलं. शेवटी तिने वर पांढऱ्याकडे पाहिलं.

"चिंत्या, ह्यात तुझा बाप कुठं हाय?"

चिंतामणी तिथेच रस्त्यावर बसला आणि रडला. हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच कक्षेत येत नव्हता. बनूबाई घरी गेली, बैलासोबतचा फोटो आणि वाटीभर भाताची खळ घेऊन आली. पंधरा फूट पांढऱ्याच्या मधोमध तिने तो वीतभर फोटो चिकटवला. दहाव्याला घाटावर घरची सात माणसं होती. बाकीच्यांना घाट कुठला ते कळलंच नाही.

तुम्ही आम्हाला हसत असाल, आणि हसा. पण गेलेल्या माणसाचं नाव बॅनरवर लिहिणं हे माझं काम होतं, आणि ते मी इथेही कुठे केलेलं नाही. सुरुवातीपासून आतापर्यंत आण्णा, आण्णा म्हणत आलो. त्यांचं नाव काय होतं, हे तुम्हीही मला विचारलं नाहीत.