प्रस्तावित कार्यशाळा

काम काय, कोणीही करते. नियोजनाला माणूस लागतो. ज्या घरात चार हत्यारे आहेत पण अंदाजपत्रक नाही, त्या घराला पसारा म्हणतात. आणि ज्या घरात अंदाजपत्रक आहे पण हत्यार एकही नाही, त्या घराला प्रगतिपथावर असलेले घर म्हणतात. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला असलेले योगराज वाघुळदे यांचे घर गेली तीन वर्षे प्रगतिपथावर होते.

योगराजभाऊ एका सरकारी खात्याच्या अंदाजपत्रक शाखेतून निवृत्त झाले. तेहेतीस वर्षांत त्यांनी पूल, पाणीटाक्या, संरक्षक भिंती आणि एका स्मशानभूमीच्या शेडचे अंदाज तयार केले. स्वतःच्या हाताने मात्र त्यांनी आयुष्यात एकच खिळा ठोकला होता. (तो खिळा अजून भिंतीत आहे. त्याला कॅलेंडर लावले की महिना डावीकडे झुकतो.) निवृत्तीच्या आदल्या वर्षी कूलर बंद पडला, तेव्हा तोताराम मिस्त्री आला, पाच मिनिटे खुडबुड केली आणि साडेतीनशे रुपये घेऊन जाताना म्हणाला, "साहेब, हे तं घरचं माणूसही करू शकते." पैशाचे योगराजभाऊंना काही वाटले नाही, पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागले. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरगुती कार्यशाळा उभारण्याचा ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिले आणि तो एकमताने मंजूर केला. त्यांच्या पत्नी बेबाबाई त्या वेळी गहू निवडत होत्या, हे त्यांची संमती म्हणून नोंदवण्यात आले.

जागा म्हणून घरातली मागची, उत्तरेकडची खोली मुक्रर झाली. दहा बाय बारा. जळगावच्या उन्हाळ्यात त्या घरात माणसाला बसवेल अशी तेवढी एकच खोली. तिथले गव्हाचे पिंप, पापडाचे डबे आणि बेबाबाईंची दुपारची झोप अशा तीन बाबी इतरत्र हलवण्यात आल्या. दाराला कुलूप लागले आणि त्यावर स्वच्छ अक्षरात पाटी आली: 'प्रस्तावित कार्यशाळा. आत सामान ठेवू नये.'

मग अंदाजपत्रक तयार झाले. ते पाहून कोणाचेही डोळे भरून यावेत. एकूण बाबी सत्तावीस. करवत, नग दोन (एक चालू, एक राखीव). हातोडी, लहान, मध्यम व 'प्रसंगपरत्वे'. लाकडी ओटा. लोखंडी व्हाइस, ज्यात वस्तू घट्ट धरून काम करतात. प्रथमोपचार पेटी. अभ्यागतांसाठी खुर्ची. आकस्मिक खर्च पाच टक्के, आणि आकस्मिक खर्च आकस्मिकपणे वाढल्यास आणखी दोन. एकूण चौऱ्याऐंशी हजार सहाशे. समोरच्या पानावर लाभ: कूलर दुरुस्ती दरवर्षी साडेतीनशे, मिक्सर, इस्त्री, खुर्चीचे पाय वगैरे धरून वार्षिक बचत एक हजार नऊशे चाळीस. म्हणजे खर्च त्रेचाळीस वर्षे आणि काही महिन्यांत वसूल. त्या वेळी योगराजभाऊ एकशे दोनाव्या वर्षात असतील. (ही बाब त्यांनी 'दीर्घकालीन लाभ' या सदरात घेतली.)

आता कोणी उतावळा माणूस म्हणेल, मग बाजारात जाऊन सामान का आणले नाही? अशाच माणसांमुळे देशाचे नुकसान होते. खरेदीला तीन दरपत्रके लागतात. एक जळगावचे, एक भुसावळचे, एक धुळ्याचे. प्रत्येकाची मुदत तीस दिवस. जळगावचे पहिल्या आठवड्यात हाती येई, भुसावळचे दुसऱ्या, धुळ्याचे तिसऱ्या. मग तांबड्या शाईने, पट्टी लावून तुलनात्मक तक्ता काढायला नऊ दिवस. तक्त्यावर सही करायला पेन उचलावे, तर त्या दिवशी जळगावच्या दरपत्रकाची मुदत संपलेली असे. मेलेल्या दरपत्रकावर खरेदी करणे योगराजभाऊंच्या रक्तात नव्हते. ते पुन्हा जळगावपासून सुरुवात करत. अशा अकरा फेऱ्या झाल्या. धुळ्याचे हत्यारांचे दुकानदार रतिलालशेठ त्यांना लांबून पाहिले की कोरा कागद आणि चहा एकदमच मागवत. अकराव्या खेपेला मात्र त्यांनी मान वर करून विचारले, "भाऊ, लेवानं शे का नुसता भावच इचारना शे?" घ्यायचे आहे की नाही, हा प्रश्न योगराजभाऊंनी दरपत्रकाच्या कक्षेबाहेरचा असल्याचे सांगितले आणि चहा घेतला.

मधल्या काळात कूलरचा पंप पुन्हा बसला. पंखा फिरे, पण गवतावर पाणी चढेना. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत तो कूलर बाहेरची गरम हवा इमानदारीने घरात आणू लागला. बेबाबाई म्हणाल्या, "तोतारामले बोलवा." योगराजभाऊंनी त्यांना शांतपणे समजावले. कूलरदुरुस्तीची बचत कार्यशाळेच्या लाभात धरलेली आहे. तोतारामने कूलर दुरुस्त केला तर लाभ घटतो. लाभ घटला तर कार्यशाळेची गरज कमकुवत होते. गरज कमकुवत झाली तर कार्यशाळा होणार नाही, आणि कार्यशाळा झाली नाही तर कूलर दुरुस्त कोण करणार? यात कुठेही चूक काढता येत नाही. बेबाबाईंनी काढली नाही. त्यांनी खिडकीला ओली चादर लावली. दिवसातून आठ वेळा, उन्हाळ्याचे नव्वद दिवस, तीन उन्हाळे: चादर एकूण दोन हजार एकशे साठ वेळा भिजवली गेली. (हा आकडा अंदाजपत्रकात नाही. चादर घरचीच होती.)

चौथ्या वर्षी मात्र मोहिनीचा फोन आला. ही त्यांची एकुलती लेक, नाशिकला दिलेली. पहिलटकरीण. पहिले बाळंतपण माहेरी, तारीख मेच्या अखेरीची. बेबाबाई त्या दिवशी पहिल्यांदा कुलपासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरीले ही खोली पाह्यजे," त्या म्हणाल्या. "अन् कूलर पाह्यजे. बाकी मले काही मांगायचं नाही."

योगराजभाऊंचे लेकीवर जीवापाड प्रेम होते, यात शंका नको. त्यांनी त्याच संध्याकाळी 'प्रस्तावित जागेचा तात्पुरता अन्य वापर' या विषयावर नवीन फाइल उघडली. तीत अर्जदार (बेबाबाई), कारण (प्रसूती), कालावधी आणि जागा पूर्ववत करून देण्याची हमी असे चार मुद्दे होते. बेबाबाईंनी हमीपत्रावर सही केली नाही. त्या कागदाने त्यांनी तव्यावरचे तेल टिपले.

सावद्याहून त्यांचा भाऊ कौतिक केळीचे दोन घड घेऊन आला. त्याने कुलूप पाहिले, पाटी वाचली, ओली चादर पाहिली.

"दाजी," तो म्हणाला, "एवढ्या टायमात तं मी केळीचे तीन बाग काढले."

"तुमच्याकडे तांत्रिक मान्यता लागत नाही," योगराजभाऊ म्हणाले.

"लागत नाही म्हणूनच केळी येते न भाऊ," कौतिक म्हणाला, आणि घड टेकवायला जागा शोधू लागला.

मोहिनी एप्रिलच्या शेवटी आली. तिला पुढची खोली मिळाली, पश्चिमेची. दुपारी तिथली भिंत हाताला चटका देई. पोरगी पदराने वारा घेत बसे आणि बापाने विचारले की म्हणे, "बरी आहे पप्पा, तुमचं होऊ द्या." योगराजभाऊंना गलबलून येई. त्यांनी वेग वाढवायचे ठरवले. या वेळी तक्ता नऊऐवजी सात दिवसांत काढायचा, म्हणजे तिन्ही दरपत्रके जिवंत असतानाच सही होईल. बारा मे रोजी सकाळच्या एसटीने ते बाराव्या फेरीसाठी धुळ्याला निघाले. तीन वर्षांत कार्यशाळा इतकी जवळ कधीच आली नव्हती.

त्या दुपारी मोहिनीला घेरी आली. मोरीच्या दारात ती बसली ती उठेना. डोळे पांढरे झाले, ओठ सुकले. शेजारच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या आणि सांगून गेल्या की हिला गार खोलीत ठेवा, आत्ताच्या आत्ता, नाहीतर दोन्ही जीव अवघड आहेत.

बेबाबाईंनी नवऱ्याला फोन केला नाही. त्यांनी खलबत्त्याचा बत्ता आणला आणि कुलूप तोडले. मोहिनीला खोलीत निजवले. कूलर ओढत आणून खिडकीत बसवला. शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने मागची जाळी काढली, पंप बाहेर घेतला, आत अडकलेला गाळ आणि केसांचा गुंता जुन्या टूथब्रशने साफ केला, पुन्हा बसवला. पाणी चढले. वेळ: पंचवीस मिनिटे. खर्च: निरंक. दरपत्रके: निरंक.

योगराजभाऊ संध्याकाळी परतले तेव्हा दारातच त्यांच्या तोंडावर गार हवा आली. तीन उन्हाळ्यांनंतर. आत लेक झोपली होती, श्वास संथ होता. उशाशी बेबाबाई बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि फक्त म्हणाल्या, "पोरगी वाचली."

हातातले ताजे दरपत्रक योगराजभाऊंनी घडी करून खिशात घातले. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत जायची त्यांना लाज वाटली. खरीखुरी लाज, जी कोणत्याही सदरात बसत नव्हती.

मोहिनीची मुलगी ऋतिका जून लागताना झाली, त्याच खोलीत न्हाली-निजली. पाटी निघाली. कार्यशाळा रद्द करण्यात आली, अंदाजपत्रक मात्र अमर झाले. कॉलनीतल्या लोकांना ते इतके पसंत पडले की प्रेमराजच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याचा कोरा नमुना विक्रीला ठेवावा लागला. कोणाला गच्चीवर बाग करायची, कोणाला व्यायामाची खोली, कोणाला आईसाठी खाली संडास. आजवर एकशे सदतीस प्रती गेल्या. पूर्ण झालेली कामे अद्याप कळलेली नाहीत.

नमुन्यात योगराजभाऊंनी एकच सुधारणा केली. आकस्मिक खर्चाच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने, पट्टी न लावता, एक रकाना वाढवला: 'तोवर कोणाचे हाल होत आहेत? (नाव लिहावे.)' प्रेमराज सांगतात, गिऱ्हाईक सगळा नमुना तिथेच काउंटरवर उभ्या उभ्या भरते, हातोडीचे वजनसुद्धा लिहिते. तो रकाना आजवर एकानेही भरलेला नाही. नाव आठवत नाही असे मात्र नव्हे. आत्ता हे वाचताना तुम्हालाही लगेच आठवले, आणि तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचत बसलात.