मूळ ठेवीतला बोकड

घनश्यामजी सकाळी तोंड धुवायला अंगणात आले, तेव्हा मोहटोला ग्राम अक्षयनिधीची मूळ ठेव दोरीवरचं त्यांचं धोतर खात उभी होती.

“रुखमा! अव सोडव व याले! नवं धोतर हाये!”

“मी नाई लावत हात,” रुखमाबाई चुलीपुढून हलल्यासुद्धा नाहीत. “मूळ ठेवीले कोणी हात लावाचा नाई, असं तुमीच लिवलं ना देवळाच्या भिताडावर? लाल रंगानं?”

बोकडाने धोतराचा काठ संपवला आणि मधल्या भागाला सुरुवात केली. लांब लोंबते कान, छातीपर्यंत दाढी आणि एखाद्या वृद्ध विणेकऱ्याची शांत नजर. जमनापारी जातीचा होता. मोहटोल्यात त्याच्या तोडीचं जनावर दुसरं नव्हतं, आणि तोच निधीची मूळ ठेव होऊन बसला होता, हीच सगळी अडचण होती.

दिघोरीच्या पलीकडचं मोहटोला हे शंभर-सव्वाशे घरांचं गाव. पूर्वी या गावात कशाही वर्गणीचा शेवट जेवणात व्हायचा. शाळेच्या भिंतीसाठी जमवलेले पैसे एकदा भूमिपूजनाच्या पंगतीतच संपले. भूमी पुजलेली राहिली, भिंत काही उठली नाही. तेव्हापासून घनश्यामजींनी मनाशी धरलं की गावाचा असा पैसा हवा जो कुणाला खाताच येणार नाही. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. पत्ता सापडेपर्यंत पत्र घेऊन हिंडायची सवय हाडात मुरलेली. दोन वर्षं दारोदार फिरून, पुण्या-नागपूरला नोकरीला गेलेल्यांना फोन करकरून त्यांनी तीन लाख रुपये उभे केले आणि बँकेत कायमचे ठेवले. मुद्दल तसंच राहील, व्याजातून दरवर्षी गावाचं एक काम होईल. नियम लिहून काढले अश्वजितने. तो लाखांदूरच्या शाळेत गणित शिकवायचा आणि निधीचा खजिनदार होता.

पहिल्या वर्षीच्या व्याजातून शाळेत पाणी गाळायचं यंत्र आलं. यंदाचं व्याज तलावाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा लावायला, असं ठरलं होतं. हा कठडा बायजाबाईंचा.

म्हणजे मागणी त्यांची. सत्तरी ओलांडलेल्या बायजाबाई कार्तिकात पहाटे बायांना घेऊन तलावावर स्नानाला जायच्या आणि पाण्यात उभं राहून भजन सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी शेवाळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. तेव्हापासून त्या पायऱ्या उतरत नव्हत्या. वर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून गात होत्या. पण वरचा आवाज खाली पोचेपर्यंत खालच्या बाया एक ओळ पुढे गेलेल्या असायच्या. सगळं कार्तिकभर देवाला दोन-दोन भजनं एकदम ऐकावी लागली. भजनात टाळ धरणाऱ्या घनश्यामजींनी भर सभेत शब्द दिला होता, “मावशी, येत्या कार्तिकात तुमी कठडा धरून खाली उतरता. नाई उतरल्या, तर मी टाळ खाली ठेवतो.”

व्याज आलं वीस हजार चारशे. वेल्डरने सांगितले बावीस हजार. सोळाशे रुपये कमी पडत होते.

सोळाशे रुपयांसाठी श्रावणात कीर्तन ठेवलं. पवनीहून भैयाजीबुवा आले. भैयाजीबुवा उभे राहिले की मृदंगसुद्धा सरळ बसतो, अशी त्यांची ख्याती. निधी म्हणजे काय, हे त्यांनी इतक्या गोड चालीवर उलगडलं की बँकेच्या साहेबालाही रडू फुटावं. शेवटी हात उंचावून ते म्हणाले, “मायबापहो, जे पोटात जाते ते उद्या नसते. जे गावाले देता ते तुमच्या नातवालेही दिसते. म्हणून मी म्हणतो, जे पोटात जाणार होतं, तेच देऊन टाका!”

दुसऱ्या रांगेत बसलेला हिरालाल ताडकन उठला, मंडपाबाहेर गेला आणि बोकड घेऊन परत आला. नातवाच्या जावळाच्या जेवणासाठी त्याने हा बोकड दीड वर्ष पोसला होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या, हातात दोर.

“बुवा, हाच माह्या पोटात जाणार होता,” हिरालाल म्हणाला. “आजपासून माळ घालतो. हा गावाचा.”

काय प्रसंग होता तो! मृदंग थांबला. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. टाळ धरून पहिल्या रांगेत उभे असलेले घनश्यामजी त्या भरात ओरडले, “मूळ ठेवीत जमा!”

“मूळ ठेवीत जमा!” बुवांनी चालीवर घेतलं. साऱ्या मंडपाने तीनदा म्हटलं. बोकडाच्या कपाळाला बुक्का लागला.

आरतीच्या ताटात जे पडलं, ते बुवांच्या गाडीभाड्यात आणि मसालेभातात गेलं. दुसऱ्या दिवशी अश्वजित घरी आला आणि खाटेवर बसून कपाळ चोळू लागला.

“काका, तुमी ‘कठड्यासाठी जमा’ म्हणाले असते, तर आज बोकड इकून कठडा झाला असता. आठ-नऊ हजाराचा माल हाये.”

“मंग?”

“मंग काय! मूळ ठेवीत गेलेली गोष्ट इकता येत नाई. नियम सहा. इकाची असन तर सगळ्या एकशेबारा देणगीदारांची सही पायजे. तेच्यातले दोघं दुबईत हायेत.”

“असा नियम कोणी केला?”

“तुमी. मी म्हणलं होतं, काका, थोडी ढील ठेवू. तुमी म्हणाले, ढील ठेवली का गाव जेवून टाकते.”

बोकड अश्वजितच्या पिशवीचा बंद चावून पाहत होता.

“बरोबरच म्हणलो मी,” घनश्यामजी म्हणाले. “अन् इकाचा म्हणलं तरी घेईन कोण? लाखनीच्या बाजारातला खाटीक. देवापुढं जमा केलेली ठेव सुरीखाली? हिरालालच्या तोंडाकडं कसं पाहू मी? एकदा मोडली का मंग नेहमीच मोडते, अश्वजित. ठेव मोडाची नाई.”

“मंग हे व्याज कसं देईन?” अश्वजितने बोकडाकडे बोट दाखवलं. “बकरी असती तर पिल्लं तरी झाली असती.”

घनश्यामजींचा निश्चय झाला होता. ठेव त्यांच्या अंगणात राहील आणि तिचा खर्च निधीवर नाही, त्यांच्या पेन्शनवर पडेल.

ठेवीने पहिल्या आठवड्यात रुखमाबाईंचा पोपटीच्या शेंगांचा वेल खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात दोर तोडून बायजाबाईंच्या वाडीत शिरली आणि दोडक्याच्या मांडवासकट सगळं साफ केलं. बायजाबाई काठी टेकत अंगणात आल्या.

“का गा घनश्याम, कठडा कुठी हाये माहा?”

“होते मावशी. कार्तिकाच्या आत होते.”

“कठडा तर दिसत नाई मले. तुह्या ठेवीनं माही वाडी खाल्ली, ते दिसते. लोकाइच्या ठेवीवर व्याज येते, तुही ठेव गावाकडूनच व्याज घेऊन राहिली!”

घनश्यामजींनी नुकसानीचे चारशे रुपये स्वतःच्या खिशातून दिले. नव्या टाळांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले होते ते. मग ते स्वतः सकाळ-संध्याकाळ बोकडाला तलावाच्या पाळीवर चारायला नेऊ लागले. एकदा पायऱ्यांवर उभं राहून ते वेल्डरसाठी मापं घेत होते. फीत लावायला वाकले, आणि माणूस पाठ करून वाकला की बोकडाला काय वाटतं, हे बोकड पाळल्याशिवाय कळत नाही. घनश्यामजी सात पायऱ्या एका दमात उतरून, फीत हातात घट्ट धरलेली, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले.

पाळीवरून बायजाबाई पाहत होत्या. “समजलं आता, कठडा कायले पायजे?” त्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या पोट धरून हसल्या.

या सगळ्यात घनश्यामजींना एकच समाधान होतं. कीर्तनाची कीर्ती पसरली होती. आजूबाजूच्या गावांतून बाया येत होत्या, खास बोकडाला पाहायला. कुणी दिघोरीहून, कुणी त्याही पलीकडून. येताना सोबत स्वतःची बकरी आणायच्या. घनश्यामजींना हे फार आवडलं. मुक्या जिवालासुद्धा सत्पुरुषाच्या दानाचं दर्शन घडवावं, केवढी ही भावना! ते प्रत्येकीला खाटेवर बसवून हिरालालच्या दानाचा प्रसंग पहिल्यापासून सांगत, बुवांच्या चालीसकट. मग बाईच्या कपाळाला बुक्का, बकरीच्या कपाळाला बुक्का. बाया पदर तोंडाशी धरून ऐकून घेत. मग रुखमाबाई म्हणत, “अजी, तुमाले बँकेत जाचं होतं ना?” आणि घनश्यामजी सायकल काढत.

कोजागरी चार दिवसांवर आली. सोळाशे रुपये काही जमले नव्हते. वेल्डर उधारीवर हातोडाही उचलायला तयार नव्हता. आपल्या खिशातून घालावे, तर खिसा बोकडाच्या चारा-ढेपेने रिकामा केलेला. शेवटी घनश्यामजींनी अश्वजितला आणि बायजाबाईंना अंगणात बोलावलं. मध्ये पाटावर टाळ ठेवले होते.

“मावशी, शब्द दिला होता तुमाले,” ते म्हणाले. “यंदा कठडा होत नाई. मी टाळ खाली ठेवले.”

बायजाबाईंनी टाळांकडे पाहिलं. टोमणा मारायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. “उचल ते,” त्या हळूच म्हणाल्या. “वरून गातो मी अजून एक साल. मरत नाई एवढ्यात.”

तेवढ्यात फाटक वाजलं. हिरालाल आत आला. गळ्यात तुळशीची माळ आणि मागे दोराला एक पांढरी बकरी.

“वयनी हायेत का?” त्याने विचारलं.

“दर्शनाले आणली का?” घनश्यामजींनी नेहमीप्रमाणे बुक्क्याची डबी काढली.

हिरालाल गोंधळला. रुखमाबाई लगबगीने बाहेर आल्या आणि हात पुढे केला. “शंभर रुपये, भाऊजी.”

“वयनी! दिघोरीच्या बायाइकडून घ्या ना शंभर. बोकड तर माहाच होता!”

“तुमचा होता तवा होता. आता गावाची ठेव हाये. तुमी देणारे असो का दुसरं कोणी, रेट एकच.”

घनश्यामजींची डबी हातातच राहिली. “कायचा रेट?”

अश्वजित आभाळाकडे पाहू लागला. बायजाबाईंच्या लक्षात सगळ्यात आधी आलं आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला.

“अजी,” रुखमाबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, “त्या बाया काय तुमचं कीर्तन आयकाले येत होत्या? असा जातिवंत बोकड साऱ्या तालुक्यात नाई. याची पिल्लं दुप्पट भावानं जातात. तुमी सायकल घेऊन गेले, का मी मागच्या वाडीत...” पुढचं वाक्य त्यांनी तिथेच सोडलं, आत गेल्या आणि चहापत्तीचा डबा आणून पाटावर टाळांशेजारी पालथा केला.

“तुमाले सांगत नव्हतो,” त्या म्हणाल्या. “तुमी नाई म्हणले असते.”

घनश्यामजींचे कान लाल झाले होते. आपण इतके दिवस कुणाकुणाला बुक्का लावला, ते एकेक आठवत होतं.

अश्वजितने नोटा मोजल्या. हिरालालची धरून एकोणीस. “एकोणीसशे!” तो म्हणाला. “काका, अडीच महिन्यांत! बँक आपल्याले साल भरून शंभरावर सात देत नाई. मुद्दल तर जसंच्या तसं उभं हाये.”

मुद्दलाने यावर मान हलवली आणि पाटावरच्या टाळांची दोरी तोंडात धरली. घनश्यामजींनी ती झटक्यात ओढून घेतली, आणि टाळ पुन्हा त्यांच्या हातात आले.

कोजागरीच्या आदल्या दिवशी कठडा लागला. वरचे तीनशे रुपये बोकडाच्या ढेपेला गेले, रीतसर ठराव करून. कार्तिकाच्या पहिल्या पहाटे बायजाबाई निळ्या रंगाचा तो गार लोखंडी नळ धरून एकेक पायरी उतरल्या. सातव्या पायरीला पाण्याने त्यांचे पाय भिजवले. त्यांनी डोळे मिटले, आवाज लावला, आणि दोन वर्षांनी मोहटोल्याच्या तलावावर सगळ्या बायांची ओळ एकाच वेळी संपली. पाळीवर घनश्यामजी टाळ वाजवत होते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच वाजवत राहिले. शेजारी बोकड कठड्याच्या वरच्या टोकाला बांधलेला होता.

भजन संपवून बायजाबाई वर आल्या. थोडा दम घेतला. मग ओल्या हातांनी त्यांनी बोकडाचे दोन्ही कान पुसले.

“का गा घनश्याम, पुढच्या सालच्या व्याजात काय करता?”

“अजून ठरलं नाई, मावशी. शाळेचं छत गळते, ते कराचं म्हणतो.”

“ते करा. पण त्याच्या आधी याले एक कोठा बांधा. बिचारा पावसात भिजते.”

घनश्यामजींनी टाळ गळ्यात अडकवले आणि खिशातून वही काढली.

“तसं चालत नाई, मावशी,” ते म्हणाले. “अर्ज करा.”