वेंडेलिनच्या बिअरचा फेस

वेंडेलिनच्या पलंगात पहिला बार उडाला तेव्हा घरातले तिघं दुपारचं सूप पीत होते.

पलंगात वेंडेलिन नव्हता. तो सप्टेंबरात गेला होता. मागे राहिली होती पिंपात आंबत असलेली त्याची शेवटची बिअर. लेकीनं, लिबुशेनं, ती बाटल्यांत भरली, प्रत्येकीत चमचाभर साखर घातली, आणि ऊब मिळावी म्हणून बाटल्या त्याच्याच पिसांच्या रजईखाली निजवल्या. साखरेचा वायू झाला की तळघरात गारठवायच्या आणि परवा, त्याच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, सगळ्यांनी त्याच्या नावानं पेला उचलायचा, असा बेत होता.

धास्ती एकच. वेंडेलिननं जन्मभर बिअर केली, पण तिला फेस कधी आला नाही. बोहेमियातल्या खेड्यात ही बेअब्रूच. धाकटा भाऊ रादोवान दर वेळी पेला उजेडात धरून विचारायचा, “दादा, हे प्यायचं की यात पाय बुडवायचे?” निदान शेवटच्या खेपेला तरी बाबांचं हसं होऊ नये, एवढंच लिबुशेला हवं होतं.

दुसरा बार उडाला. दाराच्या फटीतून पिसं बाहेर आली.

“साखर किती घातलीस गं?” रादोवाननं विचारलं.

“नेहमीचीच, काका.”

आई सुपात बघत राहिली. “मी पण एकेक खडा टाकला,” ती म्हणाली. बुचांना तारेची खिटी होती. उघडून पुन्हा लावणं सोपं होतं.

“वहिनी, विचारायचंत तरी.”

“आणि भाऊजी, रविवारी त्या खोलीत तासभर काय करत होतात?”

“दादाशी बोलत होतो.” रादोवाननं चमचा खाली ठेवला. “जाता जाता दोन-दोन खडे टाकले.”

गारव्यात बाटल्या शांत होतील, म्हणून वरात तळघराकडे निघाली. पुढे रादोवान, गावच्या अग्निशमन पथकाचं शिरस्त्राण घालून. मागे आई, डोक्यावर सुपाचं रिकामं पातेलं उपडं घालून. मध्ये रजईची झोळी. पायरीवर एक बाटली फुटली, तिला शेजारच्या बाटलीनं उत्तर दिलं आणि मग साऱ्याच बोलू लागल्या. तळाशी पोचेपर्यंत रजई रिकामी झाली होती आणि रादोवानला पिसं फुटली होती. वाचली एकच बाटली.

नामदिनाला पाहुण्यांना दुकानातली बिअर मिळाली. ते गेल्यावर लिबुशेनं ती एक उघडली. फेस छताला लागला, दिव्यावरून ओघळला आणि भिंतीवरच्या फोटोतल्या वेंडेलिनच्या मिशांवर येऊन थांबला. कोणी पुसला नाही.

बाटलीत बोटभर बिअर उरली होती. रादोवाननं ती पेल्यात ओतली, सवयीनं उजेडात धरली आणि घोट घेतला.

“एक बुडबुडा नाही,” तो म्हणाला. मग बराच वेळ रुमाल शोधत राहिला. “घ्या वहिनी. दादाचीच आहे.”