वर्तनाच्या धावा

उपनगरातल्या बारा वर्षांखालील बेसबॉल स्पर्धेत गेल्या हंगामात सहा पंचांनी राजीनामे दिले. पैकी चौघांनी कारणाच्या रकान्यात 'पालक' एवढा एकच शब्द लिहिला. पाचव्याने रकाना कोरा ठेवला, पण सोबत कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. सहावा राजीनामा रत्नप्रभा पेडणेकर यांचा होता. तो स्वीकारला गेला नाही, कारण तोवर संघटनेकडे दुसरा पंचच उरला नव्हता.

रत्नप्रभाबाई भांडुपच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत. तरुणपणी सॉफ्टबॉल खेळलेल्या. चेंडू प्लेटवरून गेला की बाजूने, हे त्या व्हर्नियरचं माप वाचावं तसं वाचत: एकदा, नीट, आणि मग बदलायचं नाही.

पालकांचं बेसबॉलवरचं प्रेम मात्र अलीकडचं होतं. क्रिकेटला प्रत्येक मैदानात दोनशे मुलं पॅड बांधून रांगेत उभी असतात, बेसबॉलला नऊ जमवताना मारामार. म्हणजे इथे प्रमाणपत्र लवकर मिळेल आणि पुढेमागे शाळेत कुठेतरी चिकटवता येईल, हा हिशेब मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घराघरांत झाला होता. नियम शिकायचे तेवढे राहून गेले होते. मुलाने चेंडू मारला की चाळीस पालक एका आवाजात ओरडत, "बॅट घेऊन पळ." बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात. अर्धी मुलं प्रशिक्षकाचं ऐकून बॅट टाकत, अर्धी आईचं ऐकून ती उराशी धरून पळत, आणि दोन जण टाकलेली बॅट न्यायला परत आले ते वाटेतच आउट झाले. दोन्ही वेळा चूक पंचांची निघाली.

संघटनेचे सचिव चंद्रप्रकाश नाबर पूर्वी एका मोठ्या कचेरीत आस्थापना विभागात होते. कोणताही प्रश्न रकाने पाडल्याशिवाय सुटत नाही, असं त्यांचं मत होतं.

"रत्नप्रभाताई, यंदा तुम्हाला शिव्या पडणार नाहीत," ते म्हणाले. "मी व्यवस्था केलीय."

"पोलीस?"

"छे. गुण."

परिपत्रक क्रमांक एक असं होतं: प्रत्येक सामन्यात पालकांच्या सकारात्मक वर्तनास दहापैकी गुण देण्यात येतील व ते संघाच्या धावसंख्येत मिळवण्यात येतील. प्रतिस्पर्धी संघातील पाल्याचे कौतुक केल्यास अर्धी धाव. पंचांवर ओरडल्यास दोन धावा वजा. गुण देण्यासाठी गंधाली नावाची एक वर्तन निरीक्षक नेमण्यात आली. तिने मानसशास्त्राचा सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि तिच्याकडे स्वतःची घडीची खुर्ची होती.

पहिल्या सामन्याला रत्नप्रभाबाईंना चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकू आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी घरी जाऊन राजीनाम्याची ऑफिस कॉपी फाडली. ही घाई झाली, हे त्यांना पुढच्या रविवारी कळलं.

कारण तोवर पालकांनी आकडेमोड केली होती. मुलाला एक धाव काढायला चार बेस पळावं लागतं, धूळ खावी लागते. पालकाला सावलीत बसून दोनदा "छान, बेटा" म्हटलं की तीच धाव मिळते. मग मेहनत कुठे घ्यायची हे उघड होतं. बोरिवलीत एका क्लासने रविवारच्या 'सकारात्मक वर्तन' बॅचेस सुरू केल्या. आया मोबाइलवर कौतुकाच्या याद्या पाठ करू लागल्या. मुलांचा सराव आठवड्यातून दोनदा होता तो एकदा झाला, कारण त्या मैदानावर पालकांचा सराव असे.

मग तक्रार आली. मुलुंडच्या पालकांनी बोरिवलीचा मुलगा आउट झाल्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. हे आमच्या गोलंदाजाचं कौतुक, असं मुलुंडचं म्हणणं. हा आमच्या मुलाचा अपमान, असं बोरिवलीचं. बेसबॉलमध्ये गोलंदाज नसतो, पिचर असतो, हे रत्नप्रभाबाईंनी सांगून पाहिलं. ते इतिवृत्तात 'इतर' खाली गेलं.

परिपत्रक क्रमांक दोन: यापुढे टाळ्या परिणामासाठी नव्हे तर प्रयत्नासाठी वाजवाव्यात. तसेच 'आउट' या शब्दामुळे पाल्याच्या मनावर होणारा परिणाम पाहता, पंचांनी त्याऐवजी 'पुढील संधीस पात्र' असे जाहीर करावे.

रत्नप्रभाबाईंनी तेही केलं. खेळ व्हावा, बाकी काय म्हणायचं ते म्हणू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्या हात वर करून म्हणत, "पुढील संधीस पात्र." मुलं जागची हलत नसत.

"म्हणजे आउट ना, मॅडम?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणून मुलं निघून जात. मनावरच्या परिणामाची वाट पाहणारे पालक तेवढे मागे राहत.

परिपत्रक क्रमांक तीन पंचांविषयीच होतं. पंचांचा निर्णय हे अखेर एका व्यक्तीचे मत असल्याने, अंतिम सामन्याच्या निकालपत्रकावर किमान एका प्रौढ प्रेक्षकाची सही आवश्यक राहील. शेवटची धाव कोणी, कोणाच्या फटक्यावर आणि कोणत्या बेसवरून काढली, हे प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने लिहावे. पंचांनी व पाल्यांनी सुचवू नये. खोटी साक्ष दिल्यास संघाच्या दहा धावा वजा.

"चाळीस माणसं बघत असतात," नाबर म्हणाले. "एक सही म्हणजे किरकोळ बाब."

अंतिम सामना मुलुंडला होता, मुलुंड विरुद्ध बोरिवली. मैदान सकाळी अकरापर्यंतच मिळालं होतं. त्यानंतर तिथे साखरपुडा होता आणि डेकोरेटरची माणसं कापडाचे गठ्ठे घेऊन फाटकाशी बसली होती. जिल्हा स्पर्धेची नोंदणीही अकरालाच बंद होणार होती. सही केलेलं निकालपत्रक तोवर नाबरांच्या हाती पडलं नाही, तर उपनगरातून कोणताच संघ जिल्ह्याला जाणार नव्हता. अठरा मुलं सहा महिने पहाटे साडेपाचला उठली होती. रत्नप्रभाबाईंनी घड्याळ काढून प्लेटजवळच्या पिशवीवर दिसेल असं ठेवलं.

खेळ झकास झाला. दुर्दैवाने कौतुकही झकास झालं.

"काय सुंदर चेंडू टाकते हो तुमची मानसी," बोरिवलीचे सुशांत कर्णिक लाइनीच्या पलीकडे पाहून म्हणाले. त्यांचा मुलगा देवव्रत बोरिवलीचा कॅचर होता. "अंगकाठी बघता वाटत नाही."

"तुमचा देवव्रत किती आत्मविश्वासाने चुकतो," मानसीची आई शेवंती परब म्हणाली. "आमच्या पोरांना तेवढं जमत नाही. ती आपली मारतात."

"शिकतील ना. तुमचे कोच साधे आहेत, त्याला ते काय करणार."

"साधे आहेत, पण फी घेत नाहीत तेवढी. तुमच्या कोचचे बूट किती छान आहेत."

गंधालीने प्रत्येक वाक्याला अर्धी धाव दिली. वाक्यात कौतुक होतं. बाकी जे होतं त्याला रकाना नव्हता.

दहा चाळीसला धावसंख्या सहा-सहा होती. वर्तनाच्या धावा साडेनऊ-साडेनऊ. शेवटचा डाव, मुलुंडची बॅटिंग, दोघे आउट; तिसरा झाला की बॅटिंग बोरिवलीची. मानसी तिसऱ्या बेसवरून सुसाट निघाली आणि शेवटच्या बेसकडे, म्हणजे प्लेटकडे, घसरत आली. धुळीतून देवव्रतचा चेंडू धरलेला ग्लोव्ह आला आणि तिच्या कोपराला लागला. तिचा पाय प्लेटपासून चार बोटं लांब होता. रत्नप्रभाबाईंनी चार बोटं पाहिली, आणि तीन वर्षांची सवय तोंडातून निघून गेली.

"आउट."

मानसी उठली, तिने ढोपर झटकलं.

"आउटच आहे," ती म्हणाली. "याने आधी लावला." आणि पिचिंगला जायला म्हणून ग्लोव्ह आणायला पळाली.

"काय प्रामाणिक मुलगी आहे," सुशांत कर्णिक तत्परतेने म्हणाले. "लिहा, मॅडम. अर्धी धाव. आमचे दहा झाले."

"तुमचे कसले दहा?" शेवंती उठून उभी राहिली. मग आठवण होऊन हसली आणि हसतच म्हणाली, "मुलगी माझी, प्रामाणिक ती, आणि धाव तुम्हाला काय म्हणून, भाऊ?"

"कौतुक मी केलं ना."

"पण कौतुक करण्यासारखं तिला आम्ही वाढवलं ना. ते काय फुकट झालं?"

गंधालीने नियम चाळले. प्रामाणिकपणा हा शब्द तीन परिपत्रकांत कुठेच नव्हता. तेवढ्यात बोरिवलीच्या एका आईने मुद्दा काढला की 'आउटच आहे' हे मानसीने स्वतःविषयी केलेलं नकारात्मक विधान आहे, त्यामुळे मुलुंडची एक धाव वजा व्हायला हवी. अर्थात हे ती मानसीच्या भल्यासाठीच म्हणत होती. मुलुंडच्या एका वडिलांनी या काळजीबद्दल तिचं मनापासून कौतुक केलं आणि त्या कौतुकाची अर्धी धाव मागितली. बघता बघता चाळीसच्या चाळीस पालक खुर्चीभोवती गोळा झाले. सगळे हसत होते. आवाज कोणाचाच चढला नव्हता. घोळक्यातून फक्त "अहो, तुमचंच बरोबर" आणि "छे, छे, तुमचं" एवढं ऐकू येत होतं, आणि ते ऐकताना हात आपोआप खिशातल्या पाकिटावर जावा असा त्याचा सूर होता.

वादासाठी खेळ थांबवावा असा नियम नाही. रत्नप्रभाबाईंनी प्लेट झाडली आणि बोरिवलीची बॅटिंग सुरू केली. मानसीने पहिल्या दोघांना आउट केलं, देवव्रतने फटका मारून दुसरा बेस गाठला, मग राधाने डावीकडे लांब मारला आणि देवव्रत तिथून पळत प्लेटवर आला. सात-सहा. सामना संपला. मुलांनी एकमेकांशी हात मिळवले. मानसी थोडी रडली, राधाने तिला पाण्याची बाटली दिली, आणि दोघी ढोपरं दाखवून कोणाचं जास्त फुटलंय ते ठरवू लागल्या.

खुर्चीपाशी दहा त्रेपन्नला तोडगा निघाला. गंधालीने दोन्ही बाजूंना दहापैकी दहा दिले.

"म्हणजे बरोबरी," नाबर म्हणाले. "आता मैदानावरच्या धावा बघायच्या."

चाळीस माना पहिल्यांदा मैदानाकडे वळल्या. मैदानावर मुलं चिक्की खात होती.

"संपलं?" शेवंतीने विचारलं. "कधी?"

"दोन मिनिटांपूर्वी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी निकालपत्रक आणि पेन पुढे केलं. "पाहिलेल्यांपैकी एकाने सही करा."

कोणी पुढे आलं नाही. मग सुशांत कर्णिकांनी मुलांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घेतला आणि पेन घेतलं.

"आम्ही जिंकलो ना? मग मी करतो सही."

"शेवटची धाव कोणी काढली ते लिहा आधी."

ते विचारात पडले. "मुलगी होती ना ती? वेणीवाली?"

शेजारी उभ्या असलेल्या देवव्रतने तोंड उघडलं. नाबरांनी त्याला बोटाने गप्प केलं. पाल्यांनी सुचवायचं नव्हतं.

"तुम्ही पाहिलंत का?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"पाहिल्यासारखंच आहे, मॅडम. मी इथेच तर होतो."

"खोटी साक्ष, वजा दहा," गंधाली म्हणाली. सुशांतनी पेन परत दिलं. मुलुंडचे पालक त्यांच्या या सावधपणाचं कौतुक करू लागले.

दहा सत्तावन्न. डेकोरेटरच्या माणसांनी फाटकातून पहिला गठ्ठा आत आणला. रत्नप्रभाबाईंनी सभोवार पाहिलं. मैदानाला लागून चार मजली इमारत होती आणि तिच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती. चहा घेऊन, पेपर घेऊन, दोघेचौघे खुर्च्या टाकून. सकाळपासून वरून हसण्याचा आवाज येत होता, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्या भिंतीपाशी गेल्या.

"अहो, तुम्ही मॅच पाहिलीत का?"

"पाहिली म्हणजे काय, मॅडम," दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "दोन तास जागचा हललो नाही. हसून हसून वाट लागली. कसले एकेक पालक असतात यार. स्वतःच्या पोरांकडे बघायला वेळ नाही."

"मग एक सही हवी होती. शेवटची धाव कोणी काढली तेवढं लिहायचं."

गृहस्थांनी कप कठड्यावर ठेवला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने शेजारच्या गॅलरीकडे, तिथून नजर तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तशीच खाली आली.

"ते नाही बघितलं," ते म्हणाले. "आम्ही या पालकांकडेच बघत होतो ना."

दहा अठ्ठावन्न. निकालपत्रकाचा रकाना कोरा आहे. रत्नप्रभाबाईंनी पेन तसंच धरलंय आणि आता त्या तुमच्याकडे पाहताहेत. तुम्ही पहिल्यापासून इथेच होतात, सगळं पाहिलंत, मधे दोनचारदा हसलातही. तेव्हा कोणी, कोणाच्या फटक्यावर आणि कोणत्या बेसवरून, एवढं लिहा आणि खाली सही करा. वरचा मजकूर पुन्हा चाळायचा नाही. पंच बघताहेत.